खात्री किती, सांगितली किती?

‘ब्लेअर खोटं बोलले का?’ हा प्रश्न इराक युद्धानंतर सतत विचारला गेला. पण त्याचं उत्तर तयारच असतं : ‘तेव्हा मला जे खरं वाटलं, तेच सांगितलं.’ कुणाच्या मनात शिरून हे तपासणार? त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारावा. खात्री किती होती, आणि सांगितली किती?

सप्टेंबर २००२मध्ये ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रांवर एक पुस्तिका काढली. सद्दाम रासायनिक आणि जैविक शस्त्रं बनवतोय, यात शंकाच नाही, असं ब्लेअर यांनी प्रस्तावनेत लिहिलं. हुकूम मिळताच ४५ मिनिटांत काही शस्त्रं सज्ज होतील, असंही लिहिलं. प्रत्यक्षात गुप्तचरांची माहिती तुटपुंजी होती. ४५ मिनिटांचा दावा रणांगणावरच्या कमी पल्ल्याच्या शस्त्रांपुरता होता. हे सगळे ‘पण’ वाटेतच गळाले. १८ मार्च २००३ला संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. शस्त्रसाठे सापडलेच नाहीत.

यालाच आपण ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं, कारण सांगणारा युधिष्ठिर होता. खासदारांनाही गुप्त कागद दिसत नाहीत. ते सांगणाऱ्यावर विसंबतात. म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी जास्त.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम कोसळली की आम्ही कोण चुकलं ते विचारत नाही, काय चुकलं ते लिहितो. प्रामाणिक चुकीला माफी असते. पण वॉर्निंग गाळून ‘सगळं ठीक’ असा रिपोर्ट वर पाठवणाऱ्याला ती सवलत कशी द्यायची?

‘नेताच शंका काढत बसला तर देश कसा चालेल?’ असं कुणी म्हणेल. माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. लोक समजतात तशी महासंहारक शस्त्रं इराककडे बहुधा नसावीत, असं ते संसदेत म्हणाले. त्या ‘बहुधा’सकट त्यांचं म्हणणं ठाम होतं.

युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ तत्क्षणी खाली आला. ब्लेअर मात्र २००५ची निवडणूकही जिंकले. धोका अवाजवी खात्रीने मांडला गेला, हे चिल्कॉट चौकशीने २०१६मध्ये नोंदवलं. शिक्षा देण्याचा अधिकार तिला नव्हता. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि किमान दीड लाख इराकी गेले होते.

म्हणून हिशोब युद्धाआधीच मागायला हवा. कुठल्याही देशाचा नेता ‘शंकाच नाही’ म्हणाला, की मतदानाआधी त्याला विचारायचं : गुप्तचरांच्या कागदावरचे ‘पण’ कुठे गेले?