पहिला पीस निघण्याआधी

गुरुवार आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांची आठवडी सुट्टी आज असते. कारखान्यांत विजेचा भार वाटून घेण्यासाठी पडलेली ही रीत आता सवयीची झाली आहे. तुम्ही घरी आहात. समोर जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू नुकतं चढवलंय आणि वेबसाइट बनवायला शिकायचं आहे. लगेच टाइप करायला लागू नका. आधी बसा.

शॉपमधला सेटर डोळ्यांसमोर आणा. व्हीएमसीवर नवा जॉब लावायचा असतो तेव्हा तो टेबल पुसतो, व्हाइसवर डायल फिरवून पाहतो, जॉबचा कोपरा शोधून शून्य ठरवतो, एकेका टूलचा ऑफसेट भरतो. मग मशीन सिंगल ब्लॉकवर टाकतो, म्हणजे बटण दाबलं की प्रोग्रॅमची एकच ओळ चालते आणि मशीन थांबतं. क्वालिटीवाला पहिला पीस मोजून ओके देईपर्यंत लॉट सुरू होत नाही. या सगळ्या वेळात माल शून्य निघतो, पण सेटर रिकामा बसलाय असं कोणी म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या धंद्यात मात्र सेटअप म्हणजे कसंतरी उरकून टाकायची कटकट. मला हे कधी पटलेलं नाही. आज आपण सिंगल ब्लॉकवरच चालू.

टर्मिनल उघडा. पहिली ओळ: सुडो एपीटी अपडेट. एंटर दाबलंत की पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर कदाचित काहीच उमटणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, अक्षरं पोचतायत. या ओळीने एकही प्रोग्रॅम बदलत नाही. कुठे काय उपलब्ध आहे त्याची यादी तेवढी ताजी होते. यादीवर डिजिटल सही असते आणि ती जुळली नाही तर एपीटी कुरकुरतं. सरकणाऱ्या ओळी वाचा. सगळं कळलं नाही तरी चालेल. कुठल्या पत्त्यावरून माल येतोय एवढं बघा. मग अपग्रेड. बदल तिथे होतो.

आता सुडो या शब्दापाशी थोडं रेंगाळू. त्या एका शब्दाने तुम्ही काही क्षण मशीनचे मालक होता. रूटला जवळजवळ कुठेच अडवणूक नसते. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, या कामाला मालकाची सही खरंच लागते का? ‘यूएसआर’मध्ये काही बसवायचं, ‘ईटीसी’मधली सेटिंग बदलायची, तर लागते. तुमच्या ‘होम’मधलं घर तुमचंच आहे, तिथे लागत नाही. नोडची पॅकेजं आणणाऱ्या एनपीएमने ‘परमिशन डिनाइड’ म्हटलं की पुढे सुडो चिकटवायचा मोह होतो. त्याहून वाईट म्हणजे चमोड ७७७, म्हणजे येईल त्याला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. काम त्या क्षणी पुढे सरकतं, हे खरं. पण नकार वाचून थांबा. मशीन तुम्हाला हाकलत नाहीये; तुम्ही कोणाच्या जागेत लिहायला निघालात, एवढंच सांगतंय.

म्हणून जावास्क्रिप्ट चालवणारा नोड एनव्हीएमने, म्हणजे त्याच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, घ्या. तो तुमच्या होममध्येच बसतो आणि दोन प्रोजेक्टना दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्या तरी भांडण होत नाही.

बसवून झालं, आधीच उघड्या असलेल्या दुसऱ्या खिडकीत ‘नोड’ लिहिलं, आणि उत्तर आलं: कमांड नॉट फाउंड. छान. इथेच बसून राहा. तुम्ही नाव घेतलंत तेव्हा शेलने, म्हणजे तुमच्या ओळी वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, डिस्कभर शोध घेतला नाही. त्याच्याकडे ‘पाथ’ नावाची फोल्डरांची एक रांग आहे. तो डावीकडून एकेक फोल्डर बघत जातो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला उठवतो. वस्तू घरात असूनही रांगेत नसेल, तर त्याच्या लेखी ती नाहीच. एनव्हीएमने आपल्या ओळी ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहिल्या आहेत, पण ही खिडकी त्याआधी उघडलेली आहे. नवी उघडा. आता ‘टाइप’ला विचारा, नोड कुठला? पत्ता येईल. एकाच नावाचे दोघे निघाले, तर पुढचा कोण ते पाहा. ‘चालत का नाही’ म्हणून डोकं धरण्याआधी ‘हाकेला ओ कोणी दिली’ हे विचारायची सवय लागली, की अर्धी चिडचिड जाते.

एडिटर कुठलाही घ्या. त्यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

आता तुमच्या प्रोजेक्टचा सर्व्हर सुरू करा. पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ३०००. हा पत्ता बाहेर कुठेच जात नाही. तुमचंच मशीन विचारतं आणि तेच उत्तर देतं. वेबचा नेहमीचा पोर्ट ८० का नाही घेतला? लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट नेहमीच्या मांडणीत रूटसाठी राखून ठेवलेले असतात. पुन्हा तीच मालकाची सही, आणि पुन्हा तिची गरज नाही. ब्राउझरमध्ये पान दिसलं की सर्व्हर बंद करा, परत सुरू करा. दुसऱ्यांदाही तसंच दिसलं तर पीस ओके.

राहिलं बदलांची नोंद ठेवणारं गिट. लिनक्सचा कर्नल लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये कर्नलच्या कामासाठी ते बनवायला घेतलं. ते तुमचं नाव विचारतं, कारण यापुढच्या प्रत्येक कमिटवर, म्हणजे प्रत्येक नोंदीवर, ते लागणार आहे. नाव देवनागरीत लिहा, गिटला चालतं. मग लॉग उघडून वाचा. टर्मिनल अक्षरांना सारख्या मापाच्या चौकटीत बसवतं, त्यामुळे कदाचित वेलांटी सुटी दिसेल, जोडाक्षर फुटेल. कमिट पुसायला धावू नका. साठवलेलं नाव बरोबर आहे, गडबड फक्त दाखवण्यात आहे. तोच लॉग कॉन्सोलसारख्या दुसऱ्या टर्मिनलात उघडून ताडून पाहा, आणि त्यातलं बरं दिसेल ते कायमचं ठेवा.