पाणाड्याचा नारळ

आमच्या लहानपणी नांदेडकडच्या खेड्यांत विहीर खोदायची झाली म्हणजे आधी पाणाड्याला बोलावणे जाई. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून अनवाणी फिरे. नारळ उभा राहिला की तेथे टाच रोवून म्हणे, "हितं खांदा." मग त्याचे जेवण होई, दक्षिणा होई आणि तो आपल्या वाटेने जाई. पाणी लागले तर त्याची विद्या खरी; न लागले तर शेतकऱ्याचे नशीब खोटे!

त्या विद्येवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आणि पुढे मी स्थापत्य अभियंता झाल्यावर तर तो बसण्याचे कारणच नव्हते. तरी अलीकडे मला त्या पाणाड्याची वारंवार आठवण होते. कारण थोडे लाजिरवाणे आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी स्वतःच पाणाड्या झालो होतो. हातात नारळाऐवजी संगणक होता आणि बोलावणे शेतकऱ्याऐवजी नगरपालिकांचे येत होते, एवढाच फरक.

ते दिवसच तसे होते. २००५ सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. देशातल्या ६०हून अधिक शहरांत नांदेडची निवड झाली. गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा २००८ साली तोंडावर होता, त्यामुळे घाईही होती. पण दिल्लीचा पैसा हवा तर आधी नगर विकास आराखडा हवा आणि प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल हवा. लहान शहरांसाठी निघालेल्या योजनेलाही अहवाल लागेच. पालिकेत अभियंता एक आणि कामे पन्नास. अहवाल लिहिणार कोण? तेव्हा सल्लागार संस्था पुढे आल्या. यात गैर काही नव्हते. आपल्याला जे येत नाही ते जाणत्याला विचारावे, यात कमीपणा कसला?

आता दिवाळीच्या अंकात नालीची गोष्ट काय सांगता, असे कोणी म्हणेल. पण माझा सारा प्रश्न त्या नालीतच अडकला आहे. एका लहान शहराच्या नाल्यांचा अहवाल माझ्याकडे आला. मुदत थोडी होती. दोन दिवस गाव पाहिले आणि उरलेले काम आधीच्या एका अहवालावरून उरकले. गावाचे नाव बदलले, लोकसंख्या बदलली; पावसाचे तक्ते तसेच राहिले. गल्लीत मोजमाप चालले असता एक आजीबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "लेकरा, पाणी मागून येतंय, अन् तू म्होरं काय मोजायलास?" मी हसलो. नाली झाली. पुढे एका पावसाळ्यात पाणी मागूनच आले आणि आजीबाईंची जोंधळ्याची कणगी भिजली. मी तेव्हा लातूरला होतो. ही हकीकत मला दोन वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत कळली.

त्या रात्री मी मनातल्या मनात चौकशी समिती नेमली. कंत्राटदार म्हणाला, मी नकाशाप्रमाणे बांधले. पालिकेचा अभियंता म्हणाला, मी जाणत्यांचा नकाशा मान्य केला. नगरसेवक म्हणाले, आम्ही अभियंत्याच्या टिपणीवर हात वर केले. आणि मी म्हणालो, मी तर फक्त सल्ला दिला! वर्तुळ पुरे झाले. कणगी भिजलेली ती भिजलेलीच. सल्ला हा कृतीहून हलका असतो, ही समजूत म्हणजे आम्हां शिकलेल्यांची केवढी मोठी सोय आहे!

या सोयीला पैशाचीही जोड होती. आमचा मेहनताना प्रकल्पाच्या खर्चावर शेकडा इतका, असा ठरलेला असे. 'टक्केवारी' हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. ही टक्केवारी मात्र करारातली, पावतीची, सर्वस्वी कायदेशीर. पण नळ जाड सुचवला की माझे बिल फुगे, बारीक सुचवला की आटे. जागतिक बँकेनेही सल्लागार नेमण्याच्या आपल्या नियमांत म्हटले होते की अशा करारात काटकसरीच्या आखणीला उत्तेजन राहत नाही, म्हणून तो शक्यतो टाळावा. मी जाणूनबुजून एक इंचही नळ फुगवला नाही. पण बारीक नळ पुरेल का, हे पाहण्यासाठी मी कधी जागलोही नाही. कायद्याने निर्दोष ठरलेला माणूस नीतीनेही निर्दोष असतोच असे नाही.

मग अशा माणसाला शिक्षा करावी काय? सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबीने तसा कायदा केला होता. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. न्याय सरळ आहे. पण त्याने शहाणपण वाढेल असे मला वाटत नाही. भ्यालेला सल्लागार गरजेच्या तिप्पट लोखंड सुचवील आणि त्याचा बोजा पुन्हा आजीबाईंच्याच घरपट्टीवर पडेल.

दुसरे टोक असे की बाहेरचा शहाणा नकोच. गावाचे गावाला कळते. तसे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे पडक्या भिंती मोजत मी त्या भागात हिंडलो आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेली माती, अशी ती घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी, गावच्याच अनुभवाने बांधलेली. ती माती भूकंपात जिवावर उठते, हे सांगायला बाहेरचीच विद्या लागली.

मात्र ती विद्या कशी सांगावी, याचे उत्तरही मला तेथेच पाहायला मिळाले होते. तेव्हा ते ध्यानात आले नाही, इतकेच. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गावांत घरे दुरुस्त आणि बळकट करण्याचे काम निघाले. त्यात लोकांचा सहभाग असावा म्हणून शासनाने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला सल्लागार नेमले. गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून त्या त्या गावच्या बायका पुढे आल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे त्या समजून घेत आणि शेजारणीला सांगत. शेजारणीला पटले नाही तर ती उलट विचारी. सांगणारीला तेथून निघून जाण्याची सोय नव्हती. तिचे घर त्याच आळीत होते. विद्या बाहेरची, पण जबाब देणारे तोंड गावातले!

आणि येथेच मला पाणाड्याचे मोठेपण कळते. विद्या त्याची खोटी असेल, पण तो पंचक्रोशीतला होता. विहीर कोरडी गेली तर पुढच्या आठवडी बाजारात त्याची आणि शेतकऱ्याची गाठ पडे. आमच्या करारांत दंडाची कलमे पुष्कळ असतात. गाठीचे कलम नसते. अहवालाचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सल्लागाराने एक पावसाळा त्या गल्लीत उभे राहावे, एवढे लिहायला कोणाची हरकत असावी?

मी तो पावसाळा चुकवला होता. म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीत आजीबाईंच्या दारी गेलो. नाव सांगितले, चूक सांगितली. त्यांनी क्षणभर पाहिले आणि फराळाची ताटली पुढे केली. "कणगी कवाच वाळली. खा आधी. मग मागं ये, पाणी कुठून येतंय ते दावते."

करंजी खाऊन मी त्यांच्यामागून परसात गेलो. उतार साध्या डोळ्यांना दिसत होता.