दोन दाते कमी

गुरुजींची शाळा वाईला आणि घर पाचगणीला. संध्याकाळी पसरणी घाट चढताना इंजिन तापलं की त्यांची गाडी मध्येच बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी चालू. दुसऱ्या गॅरेजात पेट्रोलचा पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले. पैसे गेले, दुखणं तसंच.

मी तेव्हा मिस्त्रीमामांच्या हाताखाली नवा होतो आणि स्कॅनरवर माझा फार भरवसा होता. लावून बघितला आणि म्हणालो, "मामा, एकही कोड नाही. गाडी ठीक आहे."

"गार गाडीला काय विचारतोस? दुखतं तेव्हा विचारावं. चल घाटात."

तिसऱ्या वळणापुढं ती बंद पडलीच. चाकांखाली दगड लावले. मामांनी गुरुजींना स्टार्टर मारायला सांगितलं आणि मला म्हणाले, "काय होत नाही, तेवढं बघून सांग."

स्टार्टर फिरत होता, बेल्ट फिरत होता. मला काही दिसेना. तिसऱ्यांदा मारल्यावर लक्षात आलं, आरपीएमचा काटा शून्यावरून हलतच नव्हता. इंजिन फिरतंय आणि गाडीला त्याचा पत्ताच नाही!

मामा गोणपाट टाकून गाडीखाली गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं, फ्लायव्हीलच्या कडेला, अंगठ्याएवढा काळा क्रँक सेन्सर होता, एका बोल्टवर बसवलेला. काही गाड्यांत तो पुढं क्रँकच्या पुलीजवळ सापडतो. हिच्यात मागं, सायलेन्सरच्या पाइपाच्या धगीत. मामांनी त्याच्यावर ओला फडका पिळला आणि तसाच धरून ठेवला.

"मारा, गुरुजी."

काटा थरथरला आणि इंजिन लागलं.

दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर आणला. जुना काढला तर त्याच्या चुंबकी टोकावर लोखंडाचा कीस केसांसारखा उभा होता. पण खरं दुखणं आत होतं. वेटोळ्याची बारीक तार तापली की तुटायची, निवली की जुळायची.

"एवढ्याशा वस्तूचं काम तरी काय?" गुरुजींनी विचारलं.

"क्रँकवर दात्यांची चकती असते. जागा 60 दात्यांची, दाते 58. दोन मुद्दाम ठेवलेले नसतात. दाता समोरून गेला की हा कॉम्प्युटरला एक ठोका देतो. पण दाते सगळे सारखेच, मग पिस्टन कुठं आलाय हे कळणार कशानं? ठोके चुकले की कळतं. त्या मोकळ्या जागेपासून मोजत जायचं आणि ठिणगी कधी, पेट्रोल कधी, ते ठरवायचं."

"म्हणजे जे नाहीत त्यांच्यावरून."

"त्यांच्यावरच सगळा हिशेब."

गुरुजी तो जुना सेन्सर हातात फिरवत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझ्या वर्गातली धोमची एक मुलगी दिवाळीनंतर आलेली नाही. मी रोज तिच्या नावापुढं गैरहजर लिहितो आणि पुढचं नाव घेतो."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी बोल्ट आवळला, वायर पाइपापासून लांब घेऊन बांधली आणि गाडी चांगली तापेपर्यंत चालू ठेवली. काटा जागेवर होता.

गुरुजींनी पैसे दिले आणि निघाले. शटर ओढता ओढता मी बघत होतो. गाडी घाटाकडं वळली नाही. धोमच्या रस्त्याला लागली.