पट्टा

डोंबिवली पूर्वेचा एक माणूस बावीस वर्षं रोज लोकलने मुंबईला जात होता. सकाळची फास्ट गाडी डोंबिवलीला यायची तीच कल्याणहून भरून. दारातल्या दांड्याला एक हात लागला आणि पायाचा चवडा आत टेकला, की त्याच्या लेखी जागा मिळाली. ठाणं गेल्यावर जरा आत सरकायला मिळे. घरी त्याने हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

मुलगी चौथी पास झाली. कबूल केल्याप्रमाणे मे महिन्यातल्या एका रविवारी तो तिला घोडबंदर रस्त्यालगतच्या एका पार्कात घेऊन गेला. मागे येऊरचा डोंगर उन्हात तापलेला. मुलीला बाकी कशात रस नव्हता, तिला रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं. रांग तासाभराची. भीती वाटून घ्यायला पैसे मोजायचे आणि दोन मिनिटांच्या भीतीसाठी तासभर उभं राहायचं, हे गणित त्याला काही जुळेना. पण मुलगी टाचा उंचावून पुढची डोकी मोजत होती, म्हणून तो गप्प राहिला.

रोलर कोस्टर हे खरं तर रेल्वेचंच लेकरू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरावरून कोळसा उतरवणाऱ्या रुळांवर लोक हौसेने बसून खाली येऊ लागले. पुढे 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने त्याचा खेळ उभा केला. वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर, तिकीट पाच सेंट. त्याच्याही एकतीस वर्षं आधी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून आपल्या ठाण्यात पहिली गाडी आली होती. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, अंतर 34 किलोमीटर. पोटासाठी त्या गाडीत कुणी चढलं नव्हतं; सगळे नवल बघायला आले होते.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. खेळातल्या गाडीची माणसाने फार काळजी घेतली. 1919 साली जॉन मिलरने रुळाच्या खालच्या बाजूनेही धरून ठेवणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. अशा डब्याची चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालून पकडतात. डबा उसळला तरी रूळ सुटत नाही.

मुलीचा नंबर आला. आधी खांबावरच्या रेषेशी तिची उंची मोजली. मग एका पोरगेल्या कामगाराने आडवा दांडा खाली घेतला, पट्टा लावला आणि तो दोनदा ओढून पाहिला. बापाचा पट्टाही दोनदा ओढून पाहिला. बावीस वर्षांत आपल्यासाठी असं कुणी केल्याचं बापाला आठवेना. गाडी सुटली तेव्हा मुलगी किंचाळत होती आणि तो समोर न बघता त्या पट्ट्याकडे बघत होता.

संध्याकाळी ठाण्याला गाडीत चढले. मुलगी मधल्या मोकळ्या जागेत त्याला बिलगून उभी. दारात चार मुलं बाहेर झुकलेली, वाऱ्याने शर्ट फुगलेले. कळवा गेलं. मुंब्र्याच्या वळणावर डबा कलला तेव्हा तिने त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, यांचा पट्टा बघायला कुणी का नाही येत?"

त्याला उत्तर सुचलं नाही.

"तू कुठे उभा राहतोस रोज?"

"आत," तो म्हणाला.

हेच ते वळण. 9 जून 2025 च्या सकाळी समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं इथे रुळांवर पडली. काही घरी परतलीच नाहीत. त्या दिवशी तो मागच्या गाडीत अडकला होता. घरी इतकंच बोलला होता, की गाड्या उशिरा आहेत. नाइलाजाला आपण सवय म्हणतो आणि पुढे त्या सवयीचंच कौतुक करू लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. दारात लटकणारा माणूस धाडसी नसतो. त्याला आत जागा मिळालेली नसते.

रात्री त्याला झोप लागली नाही. भीतीपेक्षा तो "आत" हा शब्द टोचत होता.

सोमवारी त्याने कल्याणपासूनचा पास काढला. पाऊण तास आधी घर सोडून तो उलटा कल्याणला गेला आणि तिथून आत उभा राहून आला. डोंबिवलीला नेहमीची झुंबड उडाली. गाडी हलली तेव्हा कॉलेजातला एक मुलगा एका पायावर बाहेर होता, पाठीवर भरलेली सॅक.

"आत सरका! पोरगं बाहेर आहे!" तो ओरडला. आजवर त्या दारात तो असा कधी ओरडला नव्हता. कुणीतरी कुरकुरलं, कुणीतरी खांदा वळवला, वीतभर जागा झाली. त्याने सॅकचा पट्टा धरून मुलाला आत ओढलं.

कोपर गेलं, दिवा गेलं. मुंब्र्याचं वळण आलं तेव्हा तो पट्टा अजून त्याच्या मुठीत होता. त्याने तो दोनदा ओढून पाहिला.