झाडाखालचा हिशेब

मिशिगन सरोवराच्या पूर्व काठी, साउथ हेवनच्या आसपास ब्लूबेरीचे मळे आहेत. तिथल्या दोन भावांच्या वाट्याला वडिलांचा दहा-दहा एकर मळा आला होता. जुलै आला की दोघांना एकच घोर लागे. तोडणीला माणसं मिळत नसत, आणि मिळाली तरी मजुरी झेपत नसे.

थोरल्याने कर्ज काढून हार्वेस्टर घेतला. ओळीवरून चालणारं ते उंच यंत्र झुडपं दोन्ही बाजूंनी हलवी आणि फळं खाली झेली. "मजुरी वाचली," तो म्हणाला.

ते खरंच होतं. पण धाकट्याने एका ओळीखाली ताडपत्री अंथरली आणि यंत्र गेल्यावर तिच्यावरची फळं तोलली. शंभर पौंडांतली वीसेक खाली गळाली होती, त्यांत कच्चीही होती. यंत्रात आलेली मूठभर फळं त्याने घरी थंड जागी ठेवली. वरून ती टवटवीत दिसत. आठवड्याने कापली तर आत डाग पडलेले. असा माल ताज्या फळांच्या बाजारात टिकत नाही. तो गोठवण्याच्या कारखान्यात जातो, आणि तिथला भाव कमी. यंत्र विकणारा मजुरीतली बचत दाखवतो, त्यात त्याचा दोष नाही. पण ही वजाबाकी मळेवाल्यानेच करायची असते.

मग हाताची तोडणीच बरी का? तसंही नाही. ब्लूबेरीचा घोस एकदम पिकत नाही, दोन-तीन तोडे घ्यावे लागतात. पहिल्या तोड्यांत फळ मोठं आणि भरपूर. शेवटच्या तोड्याला मात्र उरल्यासुरल्या फळांपायी मजुरीच उत्पन्न खाऊन टाकते.

मोसम संपल्यावर दोघे वह्या घेऊन बसले. थोरल्याचं यंत्र थोडेच दिवस चाललं होतं, हप्ता मात्र बारा महिन्यांचा होता.

"विकून टाकू का?" त्याने विचारलं.

"नको. त्याला दहा एकर पुरत नाहीत, एवढंच. पहिले तोडे आपण हाताने घेऊ, तो माल ताज्या फळांच्या बाजारात पाठवू. शेवटच्या तोड्याला यंत्र माझ्याकडेही आण, पौंडामागे भाडं देतो. शेजाऱ्यांनाही विचारू."

थोरल्याने वाचलेल्या मजुरीशेजारी तीन रकाने आखले: गळ, भावातला फरक, हप्ता. पुढच्या मोसमात यंत्र पाच मळ्यांत फिरलं. त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा सगळा माल गोठवण्यालाच जायचा. त्याने पहिल्या तोड्यापासूनच यंत्र लावलं, आणि त्याला तेच परवडलं.