अण्णाचा बायोडाटा

गेल्या दिवाळीत अण्णानं मला एकच काम सांगितलं. "कुणाचा फोन आला तर तुझ्याच कंपनीत आहे म्हण."

अण्णा माझा चुलतभाऊ, तीन वर्षांनी मोठा. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. घरात अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत, भांडण पूर्ण कानडीत. बीएस्सी करून तो तूर, ज्वारी आणि चार म्हशींकडे परतला. मी पुण्यात कोड लिहितो. त्याच्या अडीच एकरांसोबत माझे अडीच एकरही तोच कसतो. वर्षाला ज्वारीचं एक पोतं आणि तुरीची डाळ माझ्या फ्लॅटवर पोचते. मी बायोडाटा बनवलेलाच नाही, तरी स्थळं येतात. त्याचा चौथ्यांदा छापून झालाय.

२१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात लग्न न जमलेली पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला मोर्चा. ऑफिसात कुणीतरी त्याचा व्हिडिओ दाखवला, सगळे हसले. मीही हसलो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी होती. ती मी खूप नंतर वाचली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. ती मुलं आता विशीकडे आलीत.

पण मुली कमी असूनही मला स्थळं येतात, अण्णाला नाही. मुलीच्या बापाला जावई नोकरीवाला हवा असतो, वर गावाकडं शेतीही हवी असते. याला आम्ही पोरं ढोंग म्हणायचो. मग धाकट्या बहिणीसाठी शेती करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं आणि नाही कुणी म्हटलं? मीच. वडील नव्हते, निर्णय माझ्यावर होता.

डोळ्यांसमोर आई होती. पहाटे चारला शेण, मग धारा, भाकऱ्या, खुरपणी, संध्याकाळी परत धारा आणि भाकऱ्या. सणाला यात पुरणपोळ्यांची भर. मला माझ्या बहिणीसाठी तो दिवस नको होता. अण्णाला नाही म्हणणाऱ्या मुलींनाही बहुतेक तोच नको असावा. त्यांना मी दोष कसा देऊ?

आणि एवढं राबून आईच्या नावावर काय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम माझ्या जन्माआधीच चालवली होती. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी वडील गेल्यावर आई आणि बहिणीनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांना मीच गाडीवर नेलं, एकेक करून. येताना उसाचा रस पाजला. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

परवा फोन आला. "पाहुणे, मुलगा तुमच्याच कंपनीत आहे म्हणे?"

"नाही हो, शेती करतो. चांगली करतो."

थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग, "किती आहे शेती?"

"पाच एकर," मी म्हणालो.

"सातबारा त्याच्याच नावावर ना?"

नोकरीचं खोटं बोलणं मला सोपं गेलं असतं. त्यात माझं काही जात नव्हतं. मी म्हणालो, दोन दिवसांत सांगतो.

रात्री अण्णाला मेसेज लिहिला: माझा वाटा तुझ्या नावावर करू. पाठवायच्या आधी लक्षात आलं, यातला आईचा वाटा किती, बहिणीचा किती, हे मी मोजलेलंच नाही. सगळं माझं समजून मी उदार व्हायला निघालो होतो. आणि अण्णाच्या बायकोचं नाव कुठं लागणार, हे तर त्या मेसेजमध्ये नव्हतंच.

आज दुसरा दिवस. मेसेज ड्राफ्टमध्येच आहे. आई आता धारा काढत असेल; सात वाजता तिला फोन करतो, मग बहिणीला.