विश्वास ठेवण्याचा अधिकार

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं आपल्या मोटारीच्या ब्रेकचें ऑइल घरींच बदललें. नीतिशास्त्राच्या अध्यापकानें हातांत पाना घ्यावा याची शेजाऱ्यांस मौज वाटली. मात्र त्या कामांत एका जुन्या प्रश्नाची जी ओळख आम्हांस झाली, ती पंचवीस वर्षें तो वर्गांत शिकवूनहि झाली नव्हती. म्हणून हा प्रपंच.

मोटारीचा ब्रेक म्हणजे पास्कलच्या नियमाचें रोजचें प्रात्यक्षिक होय. पायाचा दाब बंद नळ्यांतील द्रवामार्फत चारी चाकांस पोंचतो. द्रव दाबून आकसत नाहीं, यावर सारी भिस्त. परंतु या द्रवास एक खोड आहे. तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. आमच्या गाडींत ‘डॉट ४’ जातीचें ऑइल लागतें. तें नवें असतां २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पांचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरतांना जो सारखा ब्रेकवर पाय ठेवून बसतो, त्याच्या चाकांशीं उष्णता फार वाढते. ऑइल उकळलें कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळास टेकतें. त्या क्षणापर्यंत मात्र तें पायास घट्टच लागत असतें! गांवांतल्या रस्त्यांवर या दोषाची दाद लागत नाहीं.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. जहाज जुनें, त्याविषयीं त्याच्या मनांत शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ईश्वर सांभाळील, अशी समजूत घालून तो ती शंका दडपतो व प्रवाशांनीं भरलेलें जहाज हाकारतो. तें बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो अपराधी आहे, कारण समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकारच नव्हता. जहाज सुखरूप पोंचलें असतें, तरीहि त्याचा अपराध तिळभर उणा झाला नसता. हें शेवटचें विधान विद्यार्थ्यांस पटत नाहीं. खरें सांगावयाचें तर आमच्याहि तें गळीं उतरलें नव्हतें.

आतां कामाकडे वळूं. गाडी लोखंडी टेकूंवर घेतली होती. सौभाग्यवती पेडलवर, आम्ही चाकाशीं. तिनें पेडल दाबून धरावयाचें. आम्हीं निपल सैल करावयाचें. जुनें ऑइल पारदर्शक नळींतून बाटलींत उतरलें कीं निपल आवळावयाचें, आणि त्यानंतरच तिनें पाय उचलावयाचा. पाय आधीं सुटला तर बाहेरची हवा आंत ओढली जाते, आणि हवा तर वाफेसारखीच दाबली जाते. वरची टाकीहि रिकामी पडूं द्यावयाची नाहीं. तीन चाकें निर्वेध झालीं. चौथ्याच्या वेळीं अंधारून आलें होतें. ती म्हणाली, “माझा पाय मघाशीं जरा आधींच सरकला कीं काय, कोण जाणे.” आम्हीं पेडल दाबून पाहिलें, घट्ट लागलें. “असूं दे,” आम्ही म्हणालों, “या गाडीनें आजवर कधीं दगा दिलेला नाहीं.” दुसऱ्या दिवशीं बहिणीच्या दोन मुलांस घेऊन पांचगणीस जावयाचें होतें.

रात्रीं पानावर बसल्यावर ध्यानांत आलें कीं, जहाजमालकाचें वाक्य आपण शब्दशः बोललों आहोंत. घांस घशाखालीं उतरेना.

पहाटे पुन्हां चौथें चाक काढलें. ऑइल सोडून पाहिलें, दोनदां पाहिलें. एकहि बुडबुडा आला नाहीं.

“म्हणजे काल तसेंच निघालों असतों तरी चाललें असतें,” सौभाग्यवती म्हणाली. आम्हीं तिला क्लिफर्ड समजावून सांगितला. तिनें तो शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, “मग इतकीं वर्षें गॅरेजवाल्यानें केलेलें काम तुम्ही कधीं तपासलेंत?”

याचें उत्तर आम्हांजवळ तयार होतें. दुसऱ्याच्या कसबावर विसंबल्यावांचून समाज एक दिवसहि चालणार नाहीं. जेथें शंकेस कारण नाहीं तेथें विश्वास निर्दोष होय. काल शंका उद्भवली होती व आम्ही ती दडपीत होतों, म्हणून दोष. हें उत्तर तर्काच्या दृष्टीनें ठीक आहे. परंतु तें देतांना आमची नजर बाटलीकडे गेली. गॅरेजच्या गेल्या वर्षींच्या बिलावर ऑइल बदलल्याची नोंद आहे आणि त्याचे पैसे आम्हीं चुकते केले आहेत. बाटलींतलें ऑइल मात्र कोऱ्या चहासारखें काळें होतें. केवळ रंगावरून ऑइलचें वय ठरत नाहीं, हें खरें. त्या गॅरेजांत जाऊन विचारणें सहज शक्य आहे. तें वाटेवरच आहे. आम्ही अद्याप गेलों नाहीं.